मामांचं अर्धं वाक्य

५ ऑक्टोबर, रविवार. न्हावरे, वस्ती

आधी दुरुस्ती. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, नानांच्या, दहाव्याच्या दिवशी मी या वहीत लिहिलंय: "कावळा काही केल्या शिवेना. शेवटी मोठ्या आईचे भाऊ, भांडगावचे मामा पुढं झाले. म्हणाले, नाना, काळजी करू नका, तुमचा पोरगा शिकवील सगळ्यांना. आणि कावळा शिवला."

हे चूक आहे. मी तेव्हा मागं बायकांत उभी होते. नदीवरचा वारा, भोंग्यातून शब्द तुटक येत होते. घरी आल्यावर मोठ्या आईनं सांगितलं तेच लिहून टाकलं. ऐकीव होतं, तर 'ऐकीव' असं लिहायला हवं होतं.

आज शिरूरच्या शूटिंगवाल्यानं दहाव्याचं सगळं शूटिंग पाठवलं. मला फक्त मी करतेय त्या वेबसाइटच्या पानासाठी मामांचा चेहरा जरा स्पष्ट हवा होता. बघत बसले. मामा म्हणतात, "तुमचा पोरगा शिकवील सगळ्यांना." कावळा भिंतीवर. पिंडाकडं बघतोय, हलत नाही. मामा उपरण्यानं नाक पुसतात, पुन्हा हात जोडतात. "तुमी शिकवलं तसंच. कुणाचा रुपया न घेता. मी जामीन."

तेव्हा कावळा शिवला. त्याच्या आधी नाही.

नानांच्या पोरानं, सागरदादानं, मला जी क्लिप दिली होती, तीत "सगळ्यांना" झालं की सरळ कावळा येतो. मधलं कापलंय. ती क्लिप मी पानावर लावली, आणि कुठं लावली ते मला चांगलं माहीत आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार. दौंड

वडिलांच्या, आप्पांच्या, गाडीवर दौंडपर्यंत. ते पुढं कुरकुंभला कंपनीत गेले, मी ऑफिसला. ऑफिस म्हणजे सागरदादाचा, सा.दा.चा गाळा. खाली औषधं-फवाऱ्यांचं दुकान, वर मी, एक कॉम्प्युटर आणि खालून येणारा वास.

विकायचं काय, तर नाना. गेल्या उन्हाळ्यात सा.दा.नं नानांचे मोबाइलवर व्हिडिओ काढले. कांद्याची चाळ कशी बांधायची, खालून हवा कशी ठेवायची, पात कधी कापायची, ढीग किती उंच चालतो. नाना अंगात बंडी घालून, बोलता बोलता हातातला कांदा दाबून बघतायत. त्यांना वाटलं, ज्यांना इथवर यायला जमत नाही त्यांना पाठवायचंय. आता त्याचा ऑनलाइन कोर्स झालाय. 'नानांची कांदाचाळ'. पैसे भरा, मोबाइलवर बघा. नावनोंदणी सुरू आहे, विक्री पाडव्याला.

वस्तू खोटी नाही. खोटी असती तर सोपं होतं.

सा.दा.ला आज पानावर उलटं चालणारं घड्याळ हवंय. 'शेवटचे दोन तास'. पान परत उघडलं की परत दोन तास.

"दादा, हे खोटं आहे."

"सगळेच लावतात. तू काय हरिश्चंद्राची नात लागून गेलीस का?"

पाडव्याच्या दिवसापर्यंत चालणारं खरं घड्याळ लावलं. त्याला फरक कळला नाही. कळेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

सा.दा.ची पहिली मथळ्याची ओळ होती: 'आता कांदा सडणारच नाही! शंभर टक्के हमी!' शेजारी इंटरनेटवरून घेतलेला हॅटवाला गोरा माणूस, हातात चकचकीत कांदा. मी म्हटलं, हा आपल्या वस्तीवर आला तर कुत्री सोडणार नाहीत. तो हसला नाही.

मी नानांचंच वाक्य घेतलं. दुसऱ्या व्हिडिओत आहे. "थोडा सडतोच. सडत न्हाई म्हणणारा खोटं बोलतो. बाकीचा कसा वाचवायचा ते सांगतो." तेच मथळा केलं. खाली नानांचा फोटो, बंडीतलाच. मग एक व्हिडिओ फुकट, पूर्ण. मग कोर्समध्ये काय आहे आणि काय नाही. मग मामा. मग किंमत. मग बटण, अंगठा पोचेल तिथं. बाकी काही नाही. पान हलकं केलं, रानात रेंज कमी असताना पण उघडतं.

चालतंय. लोक कुठं थांबतात ते मला इथं दिसतं. मामांवर थांबतात. रडणारा म्हातारा, मग कावळा, मग अंगठा खाली सरकतो.

मामा किमतीच्या आधीच पाहिजेत, हे मीच ठरवलं होतं. त्या जागी माणूस कचरतो. तिथं ओळखीचं कुणीतरी खांद्यावर हात ठेवायला लागतं.

हे लिहिताना जरा बरं वाटलं. काम चांगलं झालंय म्हणून. स्वतःचाच राग आला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

विचारलं. खाली दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा.

"मामांचं वाक्य का कापलं?"

"कुठलं?"

"कुणाचा रुपया न घेता. मी जामीन."

तो बिलं लावत होता, लावतच राहिला. मग म्हणाला, "नानांनी जन्मभर फुकट शिकवलं. पाव्हणा आला की हातातलं काम टाकून चाळीत. घराला काय मिळालं गं त्याचं? दहाव्याला गर्दी."

"पण मामा जामीन राहिलेत, दादा."

"आन् मामांना जामीन ऱ्हायला सांगितलं कुणी? माझ्या वतीनं? मला इचारलं त्यांनी? कावळा शिवंना, ऊन चढलं, लोकं घड्याळ बघाया लागली, म्हणून म्हातारा बोलून गेला. तू लगेच त्याचा स्टँप पेपर करू नको."

यात तो एका जागी बरोबर आहे. त्याला कुणी विचारलं नव्हतं. लिहून ठेवते.

पण त्यानं मामांनाही विचारलं नाही. मामांकडं साधा फोन आहे. आपण पानावर आहोत हेच त्यांना माहीत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोठ्या आईशी बोलायला नको होतं. नाना गेल्यापासून ती ओट्यावरच बसून असते. शेंगा फोडत होती, मीही बसले.

"मोठी आई, दहाव्याला मामा शेवटी काय म्हणले, आठवतंय?"

"सागर शिकवील म्हणले. आन् शिवला कावळा."

"त्याच्या पुढं?"

"पुढं काय? शिवला का न्हाई? शिवला. म्हंजी त्यांची परवानगी झाली. सागरनं तवाच मला सांगितलं, आई, आता हे काम करायचंच."

मी शूटिंगमधलं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग शेंगांचं सूप माझ्यासमोरून स्वतःकडं ओढलं.

"तुला पाटी कुणी शिकवली गं?"

"नानांनी."

"व्हय ना? शाळा लांब, वड्याला पाणी, तुझी आई पोरीला सोडंना. दुसरीत जाईस्तवर चाळीत बसून तुला अक्षर न् अक्षर गिरवून घेतलं त्यांनी. आन् आता त्यांच्याच पोराच्या पोटावर पाय देती व्हय?"

मला रडू आलं याचा मला राग आला.

नानांनी शिकवलं हे खरंच. ओळ वाचताना मधेच थांबलं की पाटीवर बोट आपटायचे. "पुरं वाच. अर्धं वाचून उठायचं न्हाई." मोठ्या आईला हे सांगावंसं वाटलं. सांगितलं असतं तर म्हणाली असती, उलट बोलती.

कावळ्यावर माझा विश्वास आहे का, हेही स्वतःला विचारून बघितलं. भूक लागली असेल त्याला. पण त्या दिवशी मी डोळे मिटून हात जोडले होते, हेही खरं. मी मानते की नाही याचा इथं संबंध नाही. मामा मानतात. ते मेलेल्या माणसाला जामीन राहिलेत.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दौंड

केलं. मामांचा व्हिडिओ पूर्ण लावला. काही कापलं नाही, काही जोडलं नाही.

लावल्यावर पान मोबाइलवर उघडून बघितलं. मामा म्हणतात "कुणाचा रुपया न घेता", आणि त्यांच्या हनुवटीखाली हिरवं बटण: 'नाव नोंदवा, पाडव्याला पैसे भरा'.

बघवेना. तरी ठेवलं. निदान खरं तरी आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सा.दा. जिना चढून आला तेव्हाच कळलं. कुणीतरी ते पान ग्रुपवर हसून टाकलं होतं.

"रुपया न घेता म्हणतोय थेरडा, आन् खाली पैसे भरा! अक्कल कुणाकडं गहाण ठिवली का?"

सख्ख्या मामाला थेरडा म्हणाला. खाली दुकानात माणसं होती.

मी म्हटलं, "दोन्हीतलं एक काढावं लागेल. वाक्य नाहीतर बटण."

"तुलाच काढतो."

मग मला खुर्चीवरून उठवलं आणि माझ्यासमोर पासवर्ड बदलला. टाइप करताना आडवा हात धरला, परीक्षेत मुलं धरतात तसा. जुनी क्लिप परत लावली. हे झाल्यावर एकदम शांत आवाजात म्हणाला, "आप्पांना सांग, हिरीच्या पाण्याचं बसून बोलू एकदा. सामाईक हाय. नाना हुते तवर ठीक हुतं."

एवढंच. दम दिला असं म्हणता येणार नाही. पण दिला.

एसटीनं घरी. न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरले आणि वस्तीवर जावंसंच वाटेना.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आप्पा ड्युटीवरून आले, बूट सुद्धा काढले नाहीत. सा.दा.नं त्यांना रस्त्यातच गाठलं होतं.

"गव्हाला पाणी कुठनं आणायचं? तुझ्या त्या खऱ्यातनं?"

"आप्पा, मामांना विचारलं नाहीये."

"मग मामा बघतील! तू कोण? तू पान काढणारी. सुतारानं खिडकी केली तर खिडकीतनं कोण बघतंय ते सुतार इचारतो का?"

सुतारानं विचारू नये, पटतं. पण खिडकी कुणाच्या बेडरूमला पाडायला सांगतायत हे सुताराला दिसत असेल तर?

आई मधे म्हणाली, "जेवून घ्या आधी दोघं." कुणी जेवलं नाही नीट.

आप्पा वाईट नाहीत. कंपनीत वास अंगात मुरतो, तिथून आल्यावर त्यांना शांतता लागते, मी भांडण घेऊन बसते. तरीही. स्वतःच्या भावाला दिलेला शब्द तोडून विकतायत आणि यांना गव्हाची पडलीय.

हे शेवटचं वाक्य अन्यायाचं आहे. खोडत नाही. आज मला तसंच वाटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सा.दा.चा मेसेज. "सोमवारपासून येऊ नको. पान मस्त झालंय. थँक्स." पुढं फुलाचं चित्र.

दुपारी मामांचा फोन. थेट माझ्या नंबरवर, म्हणजे कुणाकडून तरी मागून घेतला असणार.

"रूपा का? भांडगावनं बोलतोय."

"बोला मामा."

"अगं, हितं पोरं म्हणत्यात, मामा तुमी मोबाइलवर रडताय. आमच्या गल्लीत तीन घरांत दाखवलं. कसलं गं ते?"

"दहाव्याचं शूटिंग आहे, मामा."

"दहाव्याचं? आन् खाली किंमत कशाची लिवल्याली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं बोल की. माझं तोंड कुठं इकताय तुमी?"

मी म्हटलं, भेटल्यावर सांगते. भित्रेपणा. पण फोनवर सांगितलं असतं तर ते लगेच सागरला लावणार, सागर गोड बोलून मिटवणार, 'रूपाचीच चूक झाली' म्हणणार, आणि मामा त्यावर विश्वास ठेवणार. भाचा आहे. समोर पूर्ण शूटिंग नसेल तर माझं कोण ऐकणार?

शेवटी मामा म्हणाले, "बरं. सागरला मी काय इचारत न्हाई अजून. पाडव्याच्या दुसऱ्या दिशी यायचंच हाय मला. तवा सांग."

ते थांबले हे मला लागलं. रागावून ठेवला असता फोन तर बरं होतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर काही नाही. पान उघडून बघितलं, बाहेरच्या माणसासारखं. सा.दा.नं माझं घड्याळ काढून त्याचं लावलंय. 'शेवटचे दोन तास'. मोबाइल बंद केला, चालू केला. 'शेवटचे दोन तास'.

नावनोंदणीच्या शंका विचारायला दिलेला नंबर अजून माझाच आहे. तो बदलायचं विसरला. लोक विचारतात, "ताई, चाळ पूर्व-पश्चिम का दक्षिण-उत्तर?" मी नानांनी सांगितलेलं लिहून पाठवते. फुकट. हे करताना दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

दुःखाची दिवाळी. आमच्याकडं पणती नाही, आकाशकंदील नाही, चुलीवर कढई नाही. पाव्हणे फराळाचे डबे आणतात, दारातच ठेवतात, पाणी पितात, नानांचा विषय काढतात, जातात. मोठी आई प्रत्येकाला तेच सांगते, "सागरनं नाव राखलं."

आणि पानावर सा.दा.नं पणत्या लावल्यात. दोन्ही बाजूंनी, लुकलुकणाऱ्या. मध्ये नाना बंडीत. वर 'दिवाळी धमाका'.

त्याच्या दारात मात्र अंधार पाळलाय अगदी नेमानं. लोक बघतात ना.

मोठी आई फोनवर मामांशी बोलत होती. मी पाणी भरत होते, ऐकू आलं. तिचं म्हणणं, यंदा भाऊबीज नको, मी अशी, मी काय ओवाळू. मामांचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. "कुकवाचं बघू नको. तेलाचा दिवा तर हाय ना घरात? मग ओवाळ. कोण काय म्हणतंय ते मी बघतो. मी हाय."

"मी हाय." दुसऱ्याच्या वतीनं उभं राहायची त्यांना खोडच आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आप्पांशी पुन्हा. या वेळी मी आधीच सांगितलं, "आप्पा, मी मामांना सगळं दाखवणार आहे. सागरदादाच्या समोर. मागं काही करणार नाही."

ते म्हणाले, "नाना असते तर पाण्यावरनं कुणाला बोलू दिलं नसतं."

होकार नाही. नकारही नाही. मग उठून मोटर बघायला गेले. आज आपली पाळी नसताना.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

विक्री उघडली. सा.दा. सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसलाय. पैसे आले की मोबाइलवर घंटी वाजते, मुद्दाम मोठी ठेवलीय. आमच्या घरात ऐकू येते. माझ्याकडं बघत नाही, पण घंटी वाजली की जरा थांबतो, मला ऐकू गेली का त्याचा अंदाज घेत.

गेली. पान मी चांगलं केलंय.

दुपारी माझ्या नंबरवर मेसेज आला. दौंडच्या बाजूचा कुणी शेतकरी. "ताई, कोर्स घेतला. मला ऑनलाइनचं काय कळत न्हाई, पण भांडगावच्या मामांचं तोंड बघून घेतला. माणूस शब्दाचा हाय."

तो मी ठरवलेल्या जागेवर थांबला. किमतीच्या आधी. मला हवा होता तिथंच.

पान उतरवणं आता माझ्या हातात नाही आणि मला ते गुपचूप करायचंही नाही. सा.दा.च्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं नाही. तो म्हणतो त्यातलं जे खरं आहे ते मीच आधी सांगेन, की त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग मोबाइल मामांच्या हातात द्यायचा. आवाज पूर्ण वाढवून. कावळा येईस्तवर. मग मामांनीच सांगायचं: वाक्य ठेवायचं की बटण. सागर त्यांच्या शब्दाला बांधील आहे की नाही हे त्या दोघांनी ठरवावं. पण पूर्ण ऐकून.

मामा रागावले तर भाच्यावर रागावतील. किंवा माझ्यावर, की घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. किंवा म्हणतील, जाऊ दे पोरी, नानांचं लेकरू आहे. तेही होऊ शकतं. तसं झालं तर मी काय करीन हे मला माहीत नाही. मोठी आई परत माझ्याशी बोलणार नाही, हे माहीत आहे. विहिरीचं सांगता येत नाही.

शूटिंग मोबाइलमध्ये घेतलंय, चार्जिंगला लावलंय. मोठ्या आईनं पाट धुऊन भिंतीला टेकवून ठेवलाय. एकच पाट. दिव्याची वात तिच्याकडून नीट वळेना, म्हणून मी वळून दिली. ती नको म्हणाली नाही.

ओवाळून झाल्यावर सांगणं सोपं आहे, सगळे जेवायच्या घाईत असतात. पण मग ज्या भावाला ती ओवाळील, त्याचं तिनं अर्धंच ऐकलेलं असेल.

मामा सकाळच्या एसटीनं येतात. पाटावर बसायच्या आधी सांगायचं. उद्या, गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज.